रुग्णाच्या उशाशी बसायचे असेल, तर पदवी कोणती?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षभरात तीन तरुण माणसे एकच प्रश्न घेऊन माझ्या घरी येऊन गेली. एक खानापूर तालुक्यातला मुलगा, दुसरा बेळगावातल्याच वडगावचा आणि तिसरी निपाणीची मुलगी. तिघेही पदवीधर आहेत. तिघांनाही रुग्णालयात, तुरुंगात किंवा सैन्यात माणसांना धीर देण्याचे, त्यांच्या श्रद्धेच्या बाजूने त्यांची सोबत करण्याचे काम करायचे आहे, आणि तिघांच्याही मोबाइलवर धर्म या विषयातील ऑनलाइन एम.ए.च्या जाहिराती होत्या. ‘मावशी, तुम्ही एवढी वर्षे दवाखान्यात काढलीत, यातला कुठला कोर्स घेऊ ते सांगा,’ असे त्यांचे म्हणणे. मी परिचारिका होते, विद्यापीठाची सल्लागार नव्हे. तरीही त्यांच्यासाठी माहिती काढताना जे हाती लागले ते तिघांपुरते ठेवण्यासारखे वाटले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व. काटछाट करायचीच झाली तर ती माझ्या आठवणींत करावी, आकड्यांत करू नये.

या कामाला इंग्रजीत चॅपलेनसी म्हणतात आणि ते करणाऱ्याला चॅपलेन. मराठीत त्याला सरळ प्रतिशब्द नाही. पुरोहित म्हणावे तर पूजा सांगणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. कीर्तनकार म्हणावे तर त्याने बोलायचे कमी आणि ऐकायचे जास्त. समुपदेशक म्हणावे तर देव, मरण, पाप, नवस, कुळाचार यांविषयीचे बोलणे त्या शब्दात मावत नाही. शिवाय चॅपलेन हा धर्मप्रसारक नसतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक चॅपलेनांच्या आचारसंहितेत तर रुग्णावर आपला धर्म लादण्यास स्पष्ट मनाई आहे, आणि हे आपल्या भागात मुद्दाम सांगावे लागते, कारण हा शब्द ऐकताच निम्म्या लोकांच्या कपाळावर आठी पडते.

मी परिचर्येचे शिक्षण मिरजेला घेतले, १८९४ साली डॉ. वानलेस यांनी उभ्या केलेल्या रुग्णालयात. तिथे एक वयस्कर मराठी पाद्रीसाहेब वॉर्डांतून फिरत. कुडचीकडचा एक ऊसकरी शेतकरी पायाच्या गँगरीनने दाखल झाला होता. गुडघ्याखाली पाय काढावा लागणार होता आणि तो संमतीपत्रावर अंगठा द्यायला तयार नव्हता. डॉक्टरांनी समजावले, मुलांनी विनवले, आम्ही मुलींनी आमच्या परीने धाक घातला. पाद्रीसाहेब संध्याकाळी आले, स्टूल ओढून बसले आणि बराच वेळ गप्पच राहिले. शेवटी तो शेतकरीच म्हणाला, ‘पाय आधी गेला तर वर गेल्यावर चालायचं कसं?’ पाद्रीसाहेबांनी ना गीतेतला आत्मा काढला, ना बायबल. त्यांनी विचारले, ‘तो पाय कुठे असावा, असं वाटतं तुम्हाला?’ तो म्हणाला, ‘माझ्या शेतात, बांधाच्या कडेला.’ तशी व्यवस्था करण्याचे मुलांनी कबूल केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. त्या पाद्रीसाहेबांची पदवी आम्हा मुलींना कधी विचारावीशी वाटली नाही. पण आजच्या मुलांना नोकरी हवी असेल तर कागद लागणारच, आणि म्हणून तो कोणता कागद, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

माझे सांगणे एवढेच आहे की, ही पदवी निवडताना सुरुवात विद्यापीठांच्या यादीपासून करू नये. आपण ज्या खाटेशेजारी बसणार आहोत, तिथे आपल्याला नेमणारा कोण आहे आणि तो कोणती पात्रता मागतो, हे आधी लेखी समजून घ्यावे आणि तिथून मागे मागे येत अभ्यासक्रमापर्यंत पोहोचावे. जाहिरात नेमके याच्या उलट करायला लावते.

वडगावच्या मुलाचेच उदाहरण घ्या. त्याच्या घरात दोन पिढ्या मराठा लाइट इन्फंट्रीत गेलेल्या. रेजिमेंटल सेंटर आपल्या बेळगावातच असल्यामुळे पलटणीतले ‘पंडितजी’ त्याने लहानपणापासून पाहिले आहेत. भारतीय सैन्यात धर्मगुरू हे पद कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्याचे, म्हणजे नायब सुभेदाराच्या हुद्द्यावर सुरू होणारे आहे. भरतीच्या जाहिरातीत त्याच्या कामांची यादी दिलेली असते: युनिटच्या धर्मस्थळातले विधी, अंत्यसंस्काराला उपस्थिती, रुग्णालयातल्या आजारी जवानांची भेट, बऱ्या होत असलेल्यांबरोबर प्रार्थना, शिक्षा भोगणाऱ्या जवानांची विचारपूस. चॅपलेनचे काम याहून वेगळे काय असते? आता पात्रता पाहा. कोणत्याही शाखेची पदवी तर लागतेच. त्याशिवाय पंडित पदासाठी संस्कृतातील शास्त्री किंवा आचार्य अशी पात्रता आणि कर्मकांडाची पदविका यांचा विचार होतो. ग्रंथी, मौलवी आणि बौद्ध भिक्खू यांच्यासाठी त्या त्या परंपरेतील वेगळ्या अटी असतात. पाद्री पदासाठी तर उमेदवाराला अधिकृत दीक्षा मिळालेली असावी लागते आणि त्याचे नाव स्थानिक बिशपांच्या मान्य यादीत असावे लागते. तुलनात्मक धर्म या विषयातली ऑनलाइन एम.ए., मग ती कितीही उत्तम विद्यापीठाची असो, या धर्मविषयक अटींपैकी एकही पुरी करत नाही. तो मुलगा फी भरण्याच्या बेतात होता. आता तो संस्कृत आणि कर्मकांडाच्या अभ्यासक्रमाची चौकशी करत आहे, आणि वयोमर्यादा त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावी, हेही मी त्याला बजावले आहे.

खानापूरच्या मुलाची गोष्ट इतकी सरळ नाही. त्याला परदेशात, विशेषतः अमेरिकेत, रुग्णालयात काम करायचे आहे; त्याचे नातेवाईक तिकडे आहेत. तिथे मोठ्या रुग्णालयांत चॅपलेन हा पगारी कर्मचारी असतो आणि त्याच्या प्रमाणीकरणाचे नियम ठरलेले आहेत. चॅपलेनांना प्रमाणपत्र देणाऱ्या तिथल्या बोर्डाचे पूर्ण प्रमाणपत्र हवे असेल तर ७२ क्रेडिटचे पदव्युत्तर शिक्षण लागते; क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे वजन मोजण्याचे एकक. तीन वर्षांची मास्टर ऑफ डिव्हिनिटी ही धर्मशास्त्राची पदवी साधारण तेवढ्याच वजनाची असते. धर्म विषयातील एम.ए. मात्र अनेक ठिकाणी ३६ ते ४८ क्रेडिटमध्ये संपते. दोन्ही पदव्यांच्या नावात ‘मास्टर’ आहे, दोन्ही ऑनलाइन मिळतात, आणि जाहिरातीत दोन्हींच्या खाली ‘चॅपलेनसीसाठी उपयुक्त’ असे लिहिलेले असते. ते खोटे असते असेही नाही. ४८ क्रेडिटवर सहयोगी दर्जाचे प्रमाणपत्र मिळू शकते. पण ३६ क्रेडिट घेऊन जो थांबला, त्याला पुन्हा फी भरून उरलेले पुरे करावे लागतात, आणि फी तर क्रेडिटच्या हिशोबानेच आकारली जाते. म्हणून वार्षिक शुल्काचा आकडा पाहून हुरळून न जाता, एका क्रेडिटचे शुल्क गुणिले लागणारे क्रेडिट असा हिशोब वहीत मांडावा.

एवढ्याने भागत नाही. पदवीच्या जोडीला सीपीई लागते, म्हणजे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, रुग्णांजवळ बसून घ्यायचे चॅपलेनचे प्रशिक्षण. याचे एक युनिट किमान ४०० तासांचे. त्यातले निदान १०० तास मार्गदर्शकासह गटात शिकण्याचे आणि बाकीचा मोठा भाग प्रत्यक्ष रुग्णांबरोबर. पूर्ण प्रमाणपत्रासाठी अशी चार युनिटे, म्हणजे १६०० तास. त्यानंतर चॅपलेन म्हणून २००० तासांचा अनुभव, लेखी निवेदने, समितीपुढे मुलाखत, आणि या सगळ्याबरोबर आपल्या धर्मसमुदायाचे पाठिंबापत्र. शेवटच्या अटीवर ख्रिस्ती नसलेली मुले अडतात. आपल्याकडे कोणा हिंदू मुलाला ‘तुझ्या धर्मसंस्थेचे पत्र आण’ असे कोणी म्हणत नाही, कारण कोणती संस्था, हाच प्रश्न आहे. अमेरिकी सैन्यात २०११ साली पहिल्या हिंदू चॅपलेन म्हणून नेमल्या गेलेल्या, भारतात जन्मलेल्या कॅप्टन प्रतिमा धर्म यांच्यामागे चिन्मय मिशनच्या अमेरिकेतील शाखेचे पाठिंबापत्र होते. म्हणजे वाट आहे. पण ती पदवी हातात पडल्यावर शोधायची नसते, प्रवेश घेण्याआधी शोधायची असते.

खानापूरच्या या मुलाने यातले काहीही माहीत नसताना एका परदेशी संस्थेला पहिला हप्ता पाठवून दिला होता. वडिलांच्या काजूच्या बागेतले पैसे होते ते. संस्थेच्या संकेतस्थळावर मान्यतेचे मोठे सोनेरी चिन्ह होते. शोधल्यावर कळले की, मान्यता देणारी ती संस्था अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या यादीत नाही आणि उच्च शिक्षण मान्यतेच्या तिथल्या परिषदेच्या यादीतही नाही. आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली. अमेरिकेतल्या काही राज्यांत धार्मिक संस्थांना मान्यतेविनाही धार्मिक पदव्या देण्याची कायद्याने मुभा आहे. अशी पदवी बेकायदेशीर नसते, त्यामुळे फसवणुकीची तक्रार करायलाही जागा उरत नाही. ती फक्त प्रमाणीकरणाच्या वेळी मोजली जात नाही. हप्ता गेला तो गेला. पोराने आठवडाभर घरात तोंड दाखवले नाही, आणि खरे सांगायचे तर मला राग त्याच्यापेक्षा त्या सोनेरी चिन्हाचा जास्त आला.

त्याच ओघात एक बारीकशी, पण झोपेशी निगडित गोष्ट. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी ७ चा थेट वर्ग आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे ४.३० ला आणि हिवाळ्यात ५.३० ला भरतो. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात त्या वेळी वीज आणि नेटवर्क दोन्ही असेल, असे धरून चालणारा माणूस त्या भागातला नसणार. थेट वर्ग सक्तीचे आहेत की ध्वनिचित्रमुद्रण पाहिले तरी चालते, हे लेखी विचारावे.

आता भारतातल्या पदव्यांकडे वळते. दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे विनियम लागू आहेत, आणि मान्यताप्राप्त संस्थेतून या पद्धतीने घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाईल, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे ‘ऑनलाइन पदवीला किंमत नाही’ हे आमच्या पिढीचे ठरीव वाक्य आता खरे राहिलेले नाही. मात्र अट ‘मान्यताप्राप्त’ या शब्दात आहे. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर संस्थेचे नाव पुरेसे नाही. तो विशिष्ट अभ्यासक्रम आणि ते विशिष्ट वर्षही यादीत असावे लागते, कारण एका वर्षाची मान्यता पुढच्या वर्षी असेलच असे नाही. प्रवेशासाठी विद्यार्थ्याला आता डीईबी-आयडी, म्हणजे याच विभागाचा ओळखक्रमांक, काढावा लागतो. तो न मागणारा मध्यस्थ भेटला तर तिथूनच परत फिरावे. आणि दूरशिक्षणात फ्रँचायझी देण्यास मनाई असल्यामुळे, ‘आमच्या सेंटरमधून घ्या, सगळे आम्ही बघतो’ असे म्हणणाऱ्या दुकानांचा प्रश्न तिथेच मिटतो.

यातला एक नियम सीमाभागातल्या मराठी मुलांना विशेष लागतो आणि तो कोणी समजावून सांगत नाही. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला दूरशिक्षणासाठी आपल्या राज्याची हद्द ओलांडता येत नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे साहित्य मराठीत असते, आपल्या मुलांना ते सोयीचे पडते. पण त्याचे अभ्यासकेंद्र बेळगावात निघू शकत नाही. चंदगड किंवा गडहिंग्लजला जाऊन नाव घालण्याचा मार्ग लोक सुचवतात. तो सल्ला ऐकण्याआधी प्रवेशाच्या अटीतले रहिवासाचे कलम वाचावे. पूर्णपणे ऑनलाइन म्हणून मान्यता मिळालेल्या अभ्यासक्रमांना मात्र ही हद्द लागू नाही, आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ केंद्राचे असल्यामुळे त्यालाही नाही. ज्या सीमेपायी आपण सत्तर वर्षे कोर्टात आणि रस्त्यावर आहोत, ती सीमा नेटवरच्या वर्गात तरी आडवी येत नाही, एवढेच समाधान.

कोणता विषय घ्यावा, याबद्दल माझे मत थोडे परखड आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात हिंदू अध्ययनाची एम.ए. आहे, बनारस हिंदू विद्यापीठाने हा विषय २०२२ मध्ये सुरू केला. आपल्या जिल्ह्यातला जैन समाज मोठा आहे. त्यातल्या मुलांसाठी राजस्थानातील लाडनूंच्या जैन विश्वभारतीची जैनविद्या आणि तुलनात्मक धर्म-तत्त्वज्ञान या विषयांची वाट आहे, आणि ती दूरशिक्षणानेही चालता येते. बौद्धांसाठी पाली आणि बौद्ध अध्ययनाचे विभाग मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांत आहेत. या पदव्या परंपरेचे ज्ञान देतात आणि ते ज्ञान लागतेच. सल्लेखना, म्हणजे मरण जवळ आल्यावर अन्नत्याग करण्याचे जैन व्रत, ठाऊक नसलेल्या माणसाने मरणासन्न जैन आजींच्या खाटेजवळ उभे राहू नये, कारण त्यांनी अन्न नाकारले की तो त्याला नैराश्य समजेल किंवा प्रत्येक अन्न नाकारणे सल्लेखनाच समजेल, आणि दोन्ही चुका सारख्याच घातक आहेत. पण या पदव्यांत रुग्णाशी बोलावे कसे याचा तास बहुधा नसतो. तो कमी आहे हे ओळखून घ्यावे आणि वेगळा भरून काढावा.

ख्रिस्ती मुलांची गोष्ट निराळी आहे, कारण त्यांच्यासाठी चौकट तयार आहे. श्रीरामपूरचे, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरचे कॉलेज विल्यम कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये काढले; त्याच्या सिनेटची बी.डी., म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, ही पदवी देशातल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकासाठी मानली जाते, आणि बंगळुरूचे १९१० चे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज याच सिनेटशी जोडलेले आहे. नावात ‘बॅचलर’ असल्यामुळे पालक नाक मुरडतात. पण अमेरिकेतही मास्टर ऑफ डिव्हिनिटीचे जुने नाव बी.डी.च होते. याउलट एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या सेमिनरींच्या, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयांच्या, पदव्या मंडळ्यांत चालतात, परंतु ती मान्यता म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता नव्हे. सरकारी नोकरी किंवा पुढे विद्यापीठात पीएच.डी. मनात असेल तर हा फरक आधी समजून घ्यावा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चॅपलेनसीचा विभाग आणि सीपीईचे प्रशिक्षण आहे. निपाणीच्या मुलीला मी पहिल्यांदा तिथल्या अभ्यासक्रमाची चौकशी करायला सांगितले, पदवी नंतर.

हा क्रम उलटा वाटेल, म्हणून थोडे खुलासेवार लिहिते. सीपीईची सुरुवात १९२५ साली अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात झाली. ती करणारे अँटन बॉयसेन स्वतः मनोरुग्ण म्हणून काही काळ रुग्णालयात राहून आलेले धर्मोपदेशक होते. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पुस्तकांइतकेच लक्ष देऊन माणसे वाचावीत, प्रत्येक रुग्ण हा एक जिवंत दस्तऐवज आहे, असे ते म्हणत. त्यांच्या परंपरेतून आलेल्या या प्रशिक्षणात ‘व्हर्बेटिम’ नावाचा एक प्रकार असतो. रुग्णाशी झालेले बोलणे आठवून, तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, मध्ये कोण किती वेळ गप्प होते, हे शब्दशः लिहायचे आणि गटासमोर वाचायचे. मग गट विचारतो की, त्याने मरणाचा विषय काढला तेव्हा तू जेवणाचा विषय का काढलास? आम्हा परिचारिकांना केसपेपर लिहिण्याची सवय असते, पण त्यात रुग्णाचेच असते सगळे. आपण काय बोललो हे लिहायला लावले तर भल्याभल्यांना घाम फुटतो.

ही गोष्ट पडद्यावरच्या व्याख्यानातून येत नाही. ऑनलाइन पदवी वाईट, असे मला म्हणायचे नाही. धर्मग्रंथ, इतिहास, नीतिशास्त्र, शोकाचे मानसशास्त्र हे सारे घरी बसून उत्तम शिकता येते, आणि नोकरी सांभाळून, घरात आजारी सासू असताना शिकणाऱ्या मुलींना तर दुसरा मार्गच नसतो. म्हणून अभ्यासक्रम निवडताना विचारायचे ते हेच की, यात देखरेखीखालचे प्रत्यक्ष काम आहे का, आणि असेल तर ते विद्यार्थ्याला आपल्या गावातल्या रुग्णालयात करता येते का? सीपीईची काही युनिटे आता अशीही चालतात की, गट व्हिडिओवर भेटतो, परंतु रुग्ण मात्र विद्यार्थ्याच्या गावातलेच असतात. ज्या अभ्यासक्रमाकडे या प्रश्नाला उत्तर नाही, तो अभ्यासक्रम धर्माचा चांगला असेल, चॅपलेनसीचा नव्हे.

इथे आपल्या भागाची भाषा आडवी येते किंवा उपयोगी पडते, जसे घ्याल तसे. माझ्या वॉर्डात येळ्ळूरकडचे एक आजोबा होते. रोज ड्रेसिंगच्या वेळी म्हणायचे, ‘बाई, दुखणं सोसुलालोय, पण हे कशाचं फळ भोगुलालोय ते कळंना झालंय की ओ.’ हे वाक्य इंग्रजी व्हर्बेटिममध्ये उतरवून पाहा. ‘देव मला शिक्षा का करतो’ असे काहीतरी होईल, आणि आजोबांनी तर देवाचे नावही घेतले नव्हते. ‘फळ’ या शब्दात मागचा जन्म आहे, केलेले आणि न केलेले आहे, आणि कदाचित भावाच्या वाटणीतली ती दोन एकर जमीनही आहे. पुस्तकातली पाश्चात्त्य उदाहरणे पाठ केलेला विद्यार्थी याला अपराधीपणाची भावना म्हणून मोकळा होईल. त्यामुळे जमेल तिथे व्हर्बेटिम मूळ मराठीत लिहून मग भाषांतर जोडण्याची परवानगी मागावी.

आणि मराठीइतकीच कन्नड यायला हवी. दरवर्षी १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करणाऱ्या घरात मी वाढले आहे, हे आधी सांगून मगच हे लिहिते. सौंदत्ती-रामदुर्गकडची बाई प्रसूतीत मूल गमावून पडलेली असते, तेव्हा तिला कोणत्याही बाजूचा ठराव नको असतो. तिला तिच्या भाषेत विचारणारे कोणीतरी हवे असते. शहरात उर्दू आणि खानापूरच्या जंगलपट्ट्यात कोकणी हेही आलेच. चार भाषा तोडक्यामोडक्या बोलणारी मुले या जिल्ह्यात गल्लोगल्ली आहेत. या कामासाठी ही पात्रता कुठल्याही ऑनलाइन विद्यापीठात शिकवली जात नाही, आणि आपल्याकडे ती फुकट पडून आहे.

नोकऱ्यांबद्दल खोटी आशा लावू नये. भारतात चॅपलेन नावाची पगारी जागा मिशनच्या रुग्णालयांबाहेर क्वचितच असते. परंतु उपशामक उपचार, म्हणजे बरा न होणाऱ्या रुग्णाची वेदना कमी करणारी सेवा, जिथे जिथे आहे, तिथे हे काम वेगळ्या नावाने चालते. लंडनमध्ये १९६७ साली पहिले आधुनिक हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचे सेवागृह, काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स मूळच्या परिचारिका होत्या. शरीराचे, मनाचे, संसाराचे आणि श्रद्धेचे दुखणे मिळून एकच दुखणे असते, असे त्यांनी मांडले. मुंबईचे शांती आवेदना सदन १९८६ चे, देशातले पहिले हॉस्पिस. त्याची शाखा आपल्याला जवळच्या गोव्यात लोटली येथे आहे. समुपदेशक, समाजसेवक किंवा स्वयंसेवक म्हणून अशा ठिकाणी शिरकाव होतो. तेव्हा समाजकार्याची किंवा समुपदेशनाची पदवी आणि जोडीला धर्माचे शिक्षण, असा क्रम अनेकांना जास्त उपयोगी पडेल, हे माझे मत आहे.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून बेळगावातल्या रुग्णालयांना आणि हिंडलगा कारागृहाच्या व्यवस्थापनाला एक विनंती करायची आहे. मुले ऑनलाइन शिकतील, पुस्तके वाचतील. पण ४०० तास बसायला खाट कुठली? एखाद्या वॉर्डात, आठवड्यातून दोन दिवस, वरिष्ठ परिचारिका किंवा समाजसेवकाच्या देखरेखीखाली, गोपनीयतेची लेखी हमी घेऊन आणि रुग्णाच्या संमतीनेच, अशा दोन-तीन विद्यार्थ्यांना बसू द्यावे. खर्च जवळपास नाही. धर्मप्रचाराची शंका असेल तर वेगवेगळ्या धर्मांचे विद्यार्थी एकत्र घ्यावेत, म्हणजे ते एकमेकांवर आपोआप लक्ष ठेवतील. देखरेख करायला माझ्यासारख्या निवृत्त परिचारिका विनामोबदला तयार होतील. निदान मी आहे.

निपाणीच्या मुलीने अजून कुठेही फी भरलेली नाही. वेल्लोरला पत्र गेले आहे, कन्नडची शिकवणी लावली आहे, आणि ओळखीच्या एका डॉक्टरांच्या परवानगीने दर गुरुवारी ती एका वॉर्डात जाऊन बसते. मागच्या गुरुवारी तिने पहिले व्हर्बेटिम मराठीत लिहून मला आणून दाखवले. कर्करोग झालेल्या एका बाईंनी ‘माझ्यामागं पोरांचं काय’ असे विचारल्यावर तिने ‘सगळं ठीक होईल, काकू’ असे उत्तर दिले होते. मी काही बोलण्याआधीच पाहिले, तर त्या ओळीखाली तिने लाल पेनने रेघ ओढली होती, आणि समासात लिहिले होते, ‘इथे गप्प बसायला हवे होते.’

आपली,
एक निवृत्त परिचारिका
शहापूर, बेळगाव
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)